खुंटाची फुलं

कंपाउंडरांचं खरं नाव गल्लीत कुणाला विचारलं असतं, तर कुणालाच चटकन सांगता आलं नसतं. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, त्या जागी चष्म्याचं दुकान आलं, तरी ते कंपाउंडरच राहिले. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे, उलट आवडे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दवाखान्यातल्या त्या लहानशा खिडकीमागे काढली होती. मिश्रण तयार करायचं, बाटली भरायची, बाहेरून खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची, एकेका खाचेला एकेक डोस. त्यांची पट्टी कधी वाकडी लागली नाही. पांढऱ्या भुकट्या सगळ्या सारख्याच दिसतात, पण कंपाउंडर बरणीचं झाकण उघडून नुसतं नाक जवळ नेत आणि कोणती ते सांगत. डॉक्टर कौतुकाने म्हणत, "माझी चूक होईल, याची व्हायची नाही." हे वाक्य कंपाउंडरांनी आयुष्यभर जपलं होतं आणि अधूनमधून ते लोकांना ऐकवतही असत.

निवृत्त झाल्यावर त्यांना दुसरी ओळख मिळाली ती गुलाबामुळे.

गुलाब खरं म्हणजे बायकोचा. तिचे वडील एका मोठ्या बंगल्यावर माळी होते. बंगला विकला गेला, बाग मोडायची ठरली, तेव्हा मालकाला विचारून त्यांनी तिथल्या एका जुन्या गुलाबाचं कलम बांधलं आणि ते थोरल्या मुलीबरोबर सासरी पाठवून दिलं. कंपाउंडर तेव्हा मित्रांना म्हणाले होते, "सासऱ्यांनी सध्या काटे दिलेत, फुलं मागाहून पाठवणार आहेत." मित्र हसले. बायकोही हसली होती, पण जरा उशिराने.

घरामागच्या अंगणात, नळाच्या पलीकडे, तिने ते कलम लावलं. गल्ली तिला कंपाउंडरीणबाई म्हणत असे. बाई फारशा बोलक्या नव्हत्या. घरातलं आवरलं की त्या झाडापाशी उकिडव्या बसायच्या आणि बुंध्याच्या खालून वर आलेले कोवळे, तजेलदार फुटवे मातीत बोटं घालून मुळापासून ओरबाडून काढायच्या. कंपाउंडर वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणत, "अगं, केवढा जोमदार आलाय तो! वाढू दे की जरा."

"तुम्ही तुमच्या बाटल्या बघा," बाई म्हणत.

झाड वर्षातून एकदाच, थंडी सरताना फुलायचं. तेवढे दिवस अंगणात चार लोक येऊन जायचे, मग पुन्हा वर्षभर कुणी तिकडे फिरकत नसे. कंपाउंडरही नाही.

मग बाई गेल्या. आजार फार लांबला नाही, त्यामुळे काही बोलायचं राहून गेलं असेल तर ते राहूनच गेलं. रिकाम्या घरात कंपाउंडरांचा वेळ जाईना. ते अंगणात जाऊन बसू लागले आणि बसल्या बसल्या त्यांचा जीव त्या झाडात गुंतला. त्यांनी छाटणीची कात्री आणली, खत आणलं. बायकोने ओरबाडले असते असे सगळे फुटवे त्यांनी मायेने वाढू दिले. वरच्या अंगाला एक मरतुकडी, काळपट काडी होती, ती मात्र रोगट दिसते म्हणून दरवर्षी कापून टाकली. झाड असं फोफावलं की भिंतीवरून पलीकडे गेलं.

आणि मग एका वर्षी ते सगळंच्या सगळं पांढरं फुललं. लहान लहान फुलांचे घोस, जिथे बघावं तिथे पांढरे.

शेजारची शिलाईच्या दुकानातली टेलर मास्तरांची बायको भिंतीवरून डोकावून म्हणाली, "अहो, हा गुलाबी होता ना?"

कंपाउंडरांच्या तोंडून निघून गेलं, "तिच्यामागे त्याचाही रंग गेला."

ते खोटं बोलले नव्हते. त्या क्षणी त्यांना अगदी तसंच वाटलं होतं आणि बोलताना डोळ्यांतून पाणी आलं होतं. पण दुसऱ्यांदा सांगताना कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. पुढे पुढे गोष्टीला चांगला आकार आला. सुरुवातीला सासऱ्यांची बाग, मग लग्न, मग थोडी गंमत म्हणून, "आमच्या हिने झाडाला कधी वाढूच दिलं नाही हो, हाताला लागेल ते उपटायची," मग बाईंचं जाणं, आणि शेवटी ते पांढरं फूल. वाचनालयाच्या एका कार्यक्रमात त्यांनी ही गोष्ट सांगितली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. लोक काड्या मागू लागले. कंपाउंडर हौसेने देत. काडी कुठेही खोचली तरी जगायची, आणि मग लोक म्हणायचे, "हाताला गुण आहे कंपाउंडरांच्या." गल्लीतल्या निम्म्या कुंड्यांमध्ये तो दुःखी गुलाब जाऊन बसला.

ही गोष्ट कुठून तरी सरकारी बागेतल्या मॅडमच्या कानावर गेली. जुने, मूळ नावं हरवलेले गुलाब शोधून काढायचे, ते कोणत्या घराण्यातले ते ओळखायचे आणि बागेत एका बाजूला लावायचे, हे तिचं काम. तिथली एक रीत होती. गुलाबाचं मूळ नाव सापडलं तर तेच लावायचं, नाही सापडलं तर ज्याने तो जपला त्याच्या नावाची पाटी. ती येणार असं कळल्यापासून 'कंपाउंडरांचा गुलाब' ही अक्षरं त्यांच्या डोळ्यांपुढून हलेनात. कुणाला बोलून दाखवलं नाही, पण त्यांनी शर्टाला इस्त्री केली आणि अंगण दोनदा झाडलं.

"पाटीवर फोटोही लावा म्हणावं," टेलर मास्तर म्हणाले. "भुंगे आपोआप लांब राहतील."

ठरल्या सकाळी झाड भर फुलात होतं. मास्तर आले होते. बाईंची धाकटी बहीणही आली होती. तिला सगळे धाकटीच म्हणत, आता केस पिकले तरी. माहेरचं म्हणावं असं तिच्याकडे काही उरलं नव्हतं. बहीण नव्हती, बाग नव्हती, वडिलांची एवढी एक खूण त्या अंगणात होती.

मॅडम वयाने लहान होती आणि बोलायला मऊ. तिने ती गोष्ट शांतपणे ऐकून घेतली. मग खांद्यावरच्या पिशवीतून भिंग काढलं, पण फुलाकडे न बघता आधी एक पान उलटं केलं.

"काका, काकू असताना फूल कसं होतं?"

"गुलाबी," कंपाउंडर म्हणाले.

"फिकं की गडद? आत-बाहेर एकच रंग?"

"गुलाबीच. म्हणजे… गुलाबी."

"पाकळ्या भरगच्च होत्या की मोकळ्या? मधोमध काही दिसायचं?"

कंपाउंडरांना आठवत होता तो अंगणातला एक गुलाबी ठिपका, आणि त्याच्यापाशी उकिडवी बसलेली पाठ.

"वास?"

"वास छान होता," ते म्हणाले. बंद बरणीतली भुकटी वासावरून ओळखणारे कंपाउंडर एवढंच म्हणाले, आणि ते शब्द त्यांचे त्यांनाच कसेतरी ऐकू आले.

धाकटी मागून म्हणाली, "आतून गडद, कडेला जवळजवळ पांढरट. पाकळ्या इतक्या की फूल मान टाकायचं. आणि मधोमध हिरवा ठिपका, मणी बसवल्यासारखा. वास ओल्या फुलाला कमीच, सुकल्यावर चढायचा. ताई पाकळ्या सुकवून उशीच्या अभ्र्यात घालायची."

कंपाउंडर त्या उशीवर झोपले होते. सगळा संसारभर.

मॅडमने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ती म्हणाली, "काका, रागावू नका. इकडे या." तिने पानाच्या देठाचा तळ दाखवला. तिथे बारीक केसांची झालर होती. "ही झालर आणि एका देठावर ही सात पानं. हा कलमं बांधायचा रानटी गुलाब आहे. खुंट म्हणतात त्याला. चांगल्या गुलाबाचा डोळा काढून याच्या सालीखाली बसवतात. मुळं याची, फुलं त्याची. पण खुंटाला खालून सारखे फुटवे येत राहतात, ते वेळेवर काढावे लागतात. नाही काढले तर वरच्या कलमाचं सगळं बळ तेच खातात."

"म्हणजे रंग गेला नाही?" मास्तरांनी विचारलं.

"झाड रंग बदलत नाही हो. हे झाडच दुसरं आहे."

फुलांवर माश्या गुणगुणत होत्या. कंपाउंडरांना त्या क्षणी एकच हवं होतं, की मास्तरांनी काहीतरी थट्टा करावी. मास्तरांनी नेमकी ती केली नाही. दुकान उघडं टाकून आलोय म्हणत ते निघून गेले.

मॅडम गुडघे टेकून माती उकरत होती. बुंध्याशी एक जुनी, जाड गाठ लागली. गाठीच्या वर बोटभर काडी शिल्लक होती, वरून तिरकी कापलेली. काप ताजा होता.

"हे कुणी कापलं?"

"मी," कंपाउंडर म्हणाले. "रोगट दिसत होती."

"हाच तुमचा गुलाब."

तिने भिंग धरून बराच वेळ पाहिलं. कापाखाली सालीत तांबूस रंगाचा एक बारीक डोळा होता. "जीव आहे अजून. पण बाकीचं सगळं काढायला लागेल, मुळापासून. तरच काही आशा आहे."

कंपाउंडरांनी वर बघितलं. भिंतीपलीकडे गेलेला तो पांढरा डोंगर, ज्याच्याखाली उभं राहून लोक फोटो काढून घेत. "फुलं संपल्यावर काढलं तर?"

"तोवर ही काडी राहील का, ते मी नाही सांगू शकत," मॅडम म्हणाली. "झाड तुमचं आहे. तुम्ही ठरवा."

ती गेल्यावर धाकटीने चहा टाकला. कंपाउंडर स्वयंपाकघरात स्टुलावर बसले, दवाखान्यात पेशंट बसायचे तसे.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"कधीपासून?"

"तुम्ही मला काडी दिलीत तेव्हापासून. माळ्याची मुलगी आहे मी भाऊजी, मला खुंट ओळखू येणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस धाकटे? मी सगळ्या गावाला सांगत सुटलो होतो…"

धाकटीने गॅस बारीक केला. "पहिल्यांदा सांगितलंत तेव्हा तुम्ही रडत होतात. ताई होती तोवर तिच्याबद्दल तुमच्या तोंडून दोन शब्द कधी ऐकले नव्हते मी. म्हटलं, आता बोलतायत तर बोलू देत."

"आणि नंतर?"

"नंतर राग आला होता. खरं सांगते. ताईने झाडाला वाढू दिलं नाही म्हणून तुम्ही हसवायचात लोकांना. ती बिचारी उन्हात बसून तेच तर करायची, त्याला वाढू द्यायची."

कंपाउंडरांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसले. बायको गेल्यावर लोक त्यांच्यासमोर हळू आवाजात बोलत होते. त्यात धाकटीही होती. त्यांना वाटलं होतं ते आदराने. आता त्यांना कळत होतं की आजारी माणसाला सांभाळून घ्यावं तसं त्यांना सांभाळून घेतलं गेलं होतं, आणि तेही ज्यांचं त्यांनी नुकसान केलं त्यांच्याकडून. मान वर करून धाकटीकडे बघण्याची सोय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ते कुदळ घेऊन अंगणात गेले. कात्रीने कापलं तर फुटवे पुन्हा येतात, असं मॅडम सांगून गेली होती, म्हणून त्यांनी एकेक फुटवा मातीत बोटं घालून, मुळाशी पकडून ओरबाडला. कोवळे सुटून येत, जुने येत नसत, त्यांना कुदळ लावावी लागे. हात काट्यांनी सोलवटले. फुललेल्या फांद्या फाटकाबाहेर ढिगाने पडत गेल्या आणि येणारे जाणारे थांबू लागले.

"अहो कंपाउंडर! हे काय केलंत?" दूधवाल्याने सायकलवरून पाय खाली टेकला.

"रोग पडला होता," कंपाउंडर म्हणाले.

दूधवाला हळहळून पुढे गेला. कंपाउंडर फांदी हातात धरून उभे राहिले. एवढं होऊनसुद्धा त्यांच्या जिभेवर पहिलं आलं ते हेच. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फाटक उघडून ते रस्त्यावर आले आणि म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही अशा आवाजात ओरडले, "अहो, थांबा! रोग नव्हता!" दूधवाला वळला. भर रस्त्यात, मातीने भरलेल्या हातांनी त्यांनी त्याला सगळं सांगितलं. काडी, खुंट, बाई काय करायच्या आणि आपण काय केलं. दूधवाल्याला ते अर्धंच समजलं. "बरं बरं," तो म्हणाला, "होतं असं," आणि घाईने निघाला. पण सांगून झालं होतं.

त्यानंतर जो विचारेल त्याला ते सांगत गेले. ज्यांच्या कुंड्यांत काड्या होत्या त्यांच्या दारात जाऊनही सांगितलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, "जाऊ द्या हो, फुलं तर छान येतात," आणि एक बाई दार लावून घेताना आत कुणाला तरी म्हणाली, "बघ, आणि मी त्या गोष्टीला रडले होते." ते त्यांना ऐकू आलं.

मास्तरांकडे ते सगळ्यात शेवटी गेले. सगळ्यात जवळचं दुकान, पण पाय तिकडे वळत नव्हते. दुकानाच्या पायरीशी डब्यात तोच गुलाब होता, पांढरा, टवटवीत. मास्तर मशीनवर होते. त्यांनी पाय थांबवला नाही.

"माझं चुकलं मास्तर."

"ऐकलं होतं मी, अंगणातच."

"तरी म्हटलं, समोर येऊन…"

मशीन थांबलं. "माझा भाऊ गेला त्या वर्षी मी तुमच्याकडून काडी नेली," मास्तर म्हणाले. "मी काही झाडंबिडं लावणारा माणूस नाही. पण तुम्ही सांगितलंत तेव्हा मला वाटलं, रंग जातो पण झाड उभं राहतं. चला, आपणही राहू. सकाळी दुकान उघडलं की याच्याकडे बघायचो आणि मग कामाला लागायचो. आता काय म्हणून बघू?"

कंपाउंडरांनी नुसती मान हलवली. तीही कोणत्या बाजूने हलवावी ते त्यांना कळलं नाही.

"राहू दे," मास्तर अखेर म्हणाले. "मी काय तुमच्यासारखा उपटणार नाही. त्याने माझं काय वाकडं केलंय?" आणि त्यांनी पुन्हा पाय चालवायला सुरुवात केली.

ते वर्ष अंगण उघडंबोडकं गेलं. भिंत नव्याने दिसायला लागली, तिचा रंग किती उडालाय तेही. कंपाउंडर रोज सकाळी त्या काडीपाशी उकिडवे बसत. गुडघे कुरकुर करत. डोळा फुगला, फुटला, त्याची हिरवी फांदी झाली. एका देठावर पाच पानं. मोजायची सवय हाताला होतीच. खालून रानटी फुटवा डोकं काढी, तो ते तिथल्या तिथे काढत. बसल्या जागेवरून स्वयंपाकघराची खिडकी दिसते हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. म्हणजे बाईंनाही दिसत असणार, आत खुर्चीवर उघडं वर्तमानपत्र आणि त्याच्यावर त्यांचं डोकं.

पुढच्या वर्षी थंडी सरताना एकच फूल आलं. कंपाउंडरांनी मॅडमला फोन लावला आणि विचारलेलं सगळं सांगितलं. आतून गडद, मध्याकडे जरासा जांभळट. कडा पांढरट, तिसऱ्या दिवशी जास्त. मधला मणी हिरवा. काटे बारीक, खाली वळलेले. वास सकाळी जवळजवळ नाही, ऊन चढल्यावर येतो, थोडा मधासारखा आणि मागून किंचित कडवट. "काका, एवढं तर आमच्याकडे शिकायला येणारी मुलंही बघत नाहीत," मॅडम म्हणाली. कंपाउंडरांना ते कौतुक घेता आलं नाही. त्यांनी फोन धाकटीकडे दिला.

मॅडम स्वतः आली, तिने फूल पाहिलं, जुन्या नोंदींशी जुळवून पाहिलं. "फार जुन्या, एकदाच फुलणाऱ्या घराण्यातला आहे, एवढं नक्की. पण नेमकं नाव नाही सापडत. याचा डोळा मी बागेत नेऊन खुंटावर बसवते. मग आमच्या रीतीप्रमाणे पाटी. वरच्या ओळीत गुलाबाचं नाव, खालच्या ओळीत जपणाऱ्याचं. काय लिहू?"

धाकटी कंपाउंडरांकडे बघत होती.

"वर लिहा, माळ्याच्या थोरल्या मुलीचा गुलाब."

"आणि जपला कुणी?"

"तिनेच. ती होती तोवर."

"आणि त्यानंतर? इतकी वर्षं गेली ना मध्ये."

कंपाउंडरांनी गाठीवरच्या जुन्या तिरक्या कापावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "त्यानंतर कुणी जपला नाही. मी दरवर्षी कापत होतो. तो आपला आपण राहिला."

"असं कसं लिहिणार काका पाटीवर?"

"मग ती ओळ रिकामी ठेवा," धाकटी म्हणाली. ती रागावलेली नव्हती, पण त्यांची समजूतही घालत नव्हती. कंपाउंडरांना ते बरं वाटलं.

मॅडमने पेनाचं टोपण लावलं आणि फुलाचा फोटो घ्यायला फोन काढला. "तुम्हीही या ना शेजारी."

"नको," कंपाउंडर म्हणाले. ते मागे सरकत नळापर्यंत गेले आणि तिचं होईपर्यंत तिथेच उभे राहिले.